घंटा झाल्यानंतरचा तास

दीडची घंटा झाली आणि शेजारच्या ब्लॉकमधली बाकं सरकायला लागली. जिन्यावर पावलांचा धडधडाट, मग खाली आवारात नेहमीचा कल्ला. "तिसरा लिहिलास का?" "दुसऱ्यात काय लिहिलंस?" माझ्या शेजारी बसून माझा पेपर लिहून देणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. मी हळूच म्हटलं, "थांबू नकोस, आपला तास अजून आहे." तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि सुपरवायझर मॅडम बाकापाशी आल्या.

"झालं का गं? सगळे गेले की."

"मॅडम, मला अडीचपर्यंत वेळ आहे."

"आम्हाला तसं काही कळवलेलं नाही. दहा मिनिटं घे हवी तर."

एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या सेमचा तो पहिला पेपर. दहा मिनिटांत एक उत्तर कसंबसं संपवलं, एक पूर्ण कोरं राहिलं. ते उत्तर मला येत होतं. अजूनही येतं.

गेल्या दोन वर्षांत तासगाव, जत, कवठेमहांकाळ भागातल्या पाच-सहा मुलामुलींनी फोन करून मला एकच विचारलं, "ताई, रायटर घ्यायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं?" प्रत्येकाला अर्धा तास सांगते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की हे सांगायचं राहिलंच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. आपण तोंडी सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहून देणारं माणूस, त्याला सरकारी कागदात 'लेखनिक' असतं, पण वर्गात, ऑफिसात, घरात सगळे रायटरच म्हणतात, मीही तेच म्हणते. कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना हे करायचंय त्यांना नावाचा उपयोग नाही, कागदांचा आहे.

माझ्या डोळ्यांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं दिसणं आटत आटत मधलं तेवढं उरतं. नववीत असताना संध्याकाळी अंगणातल्या बादलीला अडखळून पडले तेव्हा आई म्हणाली, "खाली बघून चालावं माणसानं." तिसऱ्यांदा पडले तेव्हा आबांनी मिरजेला नेलं. आमच्याकडं डोळ्याचं असो नाहीतर हाडाचं, 'मिरजेला दाखवून या' हेच पहिलं वाक्य असतं. दहावी-बारावी मी स्वतःच्या हातानं लिहिली. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला मात्र ओळीवर ओळ चढायला लागली. अंतर्गत चाचणीच्या पेपरवर सरांनी 'अक्षर सुधारावे' असा शेरा दिला होता. तो मला मैत्रिणीनं वाचून दाखवला. त्या दिवशी घरी येऊन मी आबांना म्हटलं, आता दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढूया.

प्रमाणपत्राचं काम ऐकायला किचकट वाटतं, तेवढं ते नाही. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. गर्दी असते. सकाळी लवकर जा, सोबत कुणाला तरी न्या, डबा न्या. माझी फील्ड टेस्ट मला अजून आठवते. मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघत बसायचं आणि कडेला कुठंही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. बराच वेळ काही चमकलंच नाही, म्हणून विचारलं, "सुरू झालं का?"

तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाळ, निम्मी झाली."

प्रमाणपत्रावर टक्केवारी आली ती चाळीसच्या बरीच वर. पुढं युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड पोस्टानं घरी आलं.

हा चाळीसचा आकडा समजून घ्या. आधी १९९५ चा कायदा होता, त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस आहेत, आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी ठेवायच्या, हे त्यातच आहे. परीक्षेला जादा वेळ आणि रायटर यांची सोय करावी, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. त्याच्या आधारानं केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं २९ ऑगस्ट २०१८ ला लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माझ्या परीक्षांना त्याच लागू होत्या. त्यांत, ज्याला रायटर मिळतो त्याला तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ज्याला चाळीस टक्के आहेत पण रायटर घ्यायचा नाही, त्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास. आणि त्यात एक वाक्य असं आहे की 'जादा वेळ' किंवा 'अतिरिक्त वेळ' म्हणणं बंद करून त्याला 'भरपाईचा वेळ' म्हणावं. मी ते वाक्य मोबाईलला तीनदा वाचायला लावलं. जादा काही मिळतंय असं समजून मी आत्तापर्यंत सगळीकडं खाली मान घालून मागत होते.

ज्यांचं प्रमाण चाळीसच्या खाली आहे पण लिहिताना अडचण येते, त्यांनीही हात टेकू नयेत. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडायचा त्रास होता आणि रायटर नाकारला गेला होता. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या त्याच्या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रायटरसाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लिहिण्यात अडचण आहे असं सरकारी डॉक्टरांच्या समितीचं प्रमाणपत्र त्यासाठी लागायचं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला हे माहीत नव्हतं आणि त्यानं वर्ष वाया घालवलं.

आता अर्ज. आमच्या कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीवर तो द्यायचा. माझा अर्ज, प्रमाणपत्राची आणि कार्डाची झेरॉक्स, रायटरचं बोनाफाईड, रायटरचे दोन फोटो, तिचं आधार, तिचं हमीपत्र, आणि प्राचार्यांची शिफारस. कॉलेजकडून तो विद्यापीठात जातो, तिथून परवानगीचं पत्र परीक्षा केंद्रावर येतं. निदान यायला हवं.

खिडकीतल्या सरांनी कागद उलटेपालटे केले. मला आवाज येत होता.

"हे बघ बाळ, परीक्षेला सगळ्यांना एकच नियम असतो. उद्या बाकीची पोरं म्हणतील आम्हालाही माणूस द्या लिहायला."

मी म्हटलं, "सर, प्रश्नपत्रिका एकच आहे की. प्रश्न मलाही तेच आहेत."

"तरी नवं पत्र लागेल सिव्हिल सर्जनचं. हे सहा महिन्यांपूर्वीचं आहे."

माझं प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे, त्यावर तसं छापलंय. दादानं पुढं होऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यानं मार्गदर्शक सूचनांची प्रिंट पुढं केली. मी त्याला आदल्या रात्री एकेक मुद्दा ऐकून पेन्सिलनं खुणा करायला लावल्या होत्या. सर बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी पाठवलंच नाही." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी ती प्रिंट ठेवून घेतली आणि त्यावर आवक शिक्का मारून मला पोच दिली. माणूस वाईट नव्हता. माझ्याआधी त्या खिडकीवर कुणी रायटर मागायला आलंच नव्हतं, आणि का आलं नव्हतं हा प्रश्न मला तिथं उभं असताना पहिल्यांदा पडला. आमच्याच पंचक्रोशीत मला दोन मुलं माहीत आहेत जी बारावीनंतर घरी बसली.

पोच घ्या. काहीही दिलंत की पोच घ्या. तारीख, शिक्का, सही. हे मी प्रत्येकाला फोनवर पहिलं सांगते.

रायटर शोधणं हे या सगळ्यातलं सगळ्यात जड काम. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतःचा रायटर आणायचा असेल तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली लागायचं. म्हणजे मी एम. ए.ला, तर ती बी. ए., बी. एस्सी. करणारी. अर्थशास्त्राची नको असं खिडकीतून तोंडी सांगितलं होतं, म्हणून तिथं वाद वाढवला नाही. पण आमच्या भागात परीक्षेचे महिने कुठले? पहिलं, तिसरं सेम ऐन द्राक्षाच्या छाटणीच्या कामांत किंवा त्याच्या मागोमाग येतं. दुसरं, चौथं मार्च-एप्रिलच्या पुढं, म्हणजे बेदाण्याच्या हंगामात. शेडवर बेदाणा निवडायला, पेट्या भरायला कॉलेजच्या मुलीही जातात, कारण त्या रोजावर त्यांची पुढच्या वर्षाची फी निघते. मी आठ जणींना विचारलं. कुणाचे स्वतःचे पेपर त्याच दिवशी, कुणाच्या घरचे म्हणाले, 'हिचं लिहिताना काही चुकलं तर आमच्या पोरीवर येईल'. दोघी हो म्हणून ऐनवेळी फिरल्या. शेवटी बुधगावची एक मुलगी मिळाली, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या आतेबहिणीची मैत्रीण. तिची आई शेडवर कामाला, तीही सुट्टीत जायची. आबा म्हणाले, "तिचा रोज बुडतोय. तो आपण द्यायचा, आणि गाडीभाडं वेगळं." ती नको नको म्हणाली. आबांनी ऐकलं नाही.

आमच्या घराला ते झेपलं. प्रत्येक घराला झेपेल असं नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी जिल्हा पातळीवर रायटरचं पॅनल करावं, असं २०१८ च्या सूचनांतच लिहिलेलं आहे. ज्या मुलाकडं आठ जणींना विचारायला आतेबहीण नाही, मैत्रिणी नाहीत, द्यायला रोज नाही, त्याचं काय? पॅनल असेल तर यादीत नाव बघून फोन करता येईल. माझ्या दोन वर्षांत मला असं पॅनल कुठं मिळालं नाही. हे एक काम जरी कुठल्या कॉलेजनं मनावर घेतलं तरी निम्मा त्रास जाईल. एन. एस. एस.ची मुलं आहेत, कमवा आणि शिकातली मुलं आहेत, त्यांचे तास त्यात धरता येतील.

पेपरच्या किमान दोन दिवस आधी रायटरला भेटता आलं पाहिजे, हेही त्या सूचनांत होतं. आम्ही पाच दिवस बसलो. आमच्या सोप्यात, दुपारी. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मला बोलता येतं, पण उत्तर सांगता येत नाही. हातानं लिहिताना वाक्याचं पहिलं टोक डोळ्यासमोर असतं. सांगताना ते डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात ती विचारते, "ताई, 'तटस्थ'मधला 'स्थ' कसा?" मग वाक्य हातातून निसटतं. मी म्हणते, मागचं वाच. ती वाचते. मी पुन्हा दोरा पकडते.

ती वीस मिनिटं कुठं जातात असं जे विचारतात, त्यांना मी हे सांगते. प्रश्नपत्रिका ती पूर्ण वाचून दाखवते, मग कुठले प्रश्न घ्यायचे ते ठरवायला मी पुन्हा वाचायला लावते. बाकीची मुलं नुसती नजर फिरवून हे करतात. मग प्रत्येक उत्तराला तीन-चारदा 'मागचं वाच'. अनोळखी शब्दांची अक्षरं फोडून सांगायची. आकडे दोनदा म्हणायचे. एक दिवस घड्याळ लावून बघितलं तर तीन तासांच्या सरावात पंचावन्न मिनिटं नुसती वाचण्यात आणि परत वाचण्यात गेली होती.

मग आम्ही खुणा ठरवल्या. बाकावर बोटानं एकदा टकटक म्हणजे पूर्णविराम. दोनदा म्हणजे नवा परिच्छेद. तळहात ठेवला म्हणजे थांब, मी विचार करतेय. त्यानं तोंडाचं काम कमी झालं आणि वाक्य डोक्यात टिकायला लागलं. विषयातले पन्नास-साठ शब्द मी तिला आधीच लिहून घ्यायला लावले, कारण दुसऱ्या दिवशी कळलं की अख्ख्या उत्तरात 'समवृत्ती वक्र'च्या जागी तिनं 'समृद्धी वक्र' लिहिलं होतं. चूक तिची नव्हती. तिनं तो शब्द कधी ऐकलाच नव्हता.

वक्र मी कसे शिकले तेही सांगते, कारण अर्थशास्त्र घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. दादानं जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवून दिली. आडवा अक्ष, उभा अक्ष, आणि समवृत्ती वक्र डावीकडून उजवीकडं उतरत, पोटानं आरंभबिंदूकडं झुकलेला. अंदाजपत्रक रेषेला वेगळी, बारीक दोरी. दोन्ही जिथं टेकतात तिथं त्यानं डाळीचा एक दाणा चिकटवला होता. उपभोक्त्याचा समतोल म्हणजे माझ्यासाठी आजही तो दाणा आहे. वर्गात फळ्यावर ते तीन वेळा काढून झालं होतं, पण मला ते कळलं सोप्यात, बोटाच्या टोकाला.

अभ्यासाच्या साहित्याचंही असंच. मोबाईल आणि लॅपटॉप वाचून दाखवतात हे खरं. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केला, त्याच्यावर माझं अर्धं एम. ए. झालंय. तो मराठी वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तर. नोट्स जुन्या फाँटात टाईप केलेल्या असल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खडखडाट ऐकू येतो. स्कॅन करून पाठवलेल्या पानांवर तर तो गप्पच बसतो. आमच्या विभागातल्या एका सरांनी माझ्यासाठी सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून घेतल्या. बाकीच्या मुलांनाही त्या मोबाईलवर नीट दिसायला लागल्या.

तर, तो पहिला पेपर. पत्र केंद्रावर पोचलंच नव्हतं. आमची बैठक दुसऱ्या मजल्यावर, बाकीच्या मुलांच्या ब्लॉकमध्येच. मी बोलले की पुढची मुलं वळून बघायची, आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांचा पेपर चालू होता. मग पाऊण तासानं आम्हाला शेजारच्या रिकाम्या खोलीत हलवलं. दहा गुणांचा एक प्रश्न होता, 'सोबतच्या आकृतीचे निरीक्षण करून समतोल बिंदू स्पष्ट करा'. बुधगावची ती मुलगी म्हणाली, "ताई, यात तीन रेषा आहेत, एक..." सुपरवायझर मॅडमनी तिला तिथंच थांबवलं. "तू समजावून सांगायचं नाही. फक्त लिहायचं." मी म्हटलं, "मॅडम, मला आकृती दिसत नाही, त्याला पर्यायी प्रश्न द्यायचा असतो." त्या म्हणाल्या, "मग तो सोडून दे. दुसरे आहेत की."

ज्यात दृष्टी लागते अशा प्रश्नाला पर्यायी प्रश्न द्यावा, हे त्याच सूचनांत आहे. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बोटांत होतं. डाळीच्या दाण्याशी. दहा गुण आकृतीचे गेले आणि घंटेनंतर एक उत्तर कोरं राहिलं.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही. एस. टी.त ती मुलगी मात्र रडत होती, "माझ्यामुळं झालं का ताई?" रात्री आबांना सगळं सांगितलं. आमचे आजोबा साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात राहून शिकले. ते शाहू बोर्डिंग कर्मवीरांनी १९२४ मध्ये काढलं होतं, सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत. आजोबांची तिथली एक गोष्ट आबा कायम सांगतात, की भाकरी वाढताना कुणाला 'हवी तर घे' असं म्हणायचं नाही, ती प्रत्येकाच्या ताटात वाढायचीच. त्या रात्री त्यांनी ती पुन्हा सांगितली नाही. नुसतं म्हणाले, "उद्या अर्ज लिही. मी येतो सोबत."

अर्ज कुणाला द्यायचा, हा प्रश्न होता. ग्रंथालयाच्या बाहेर 'समान संधी केंद्र' अशी पाटी आहे असं मैत्रिणीनं सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांत प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत असं केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं म्हटलंय. जात, धर्म, भाषा, लिंग यांच्याबरोबर दिव्यांगत्वाचाही त्यात उल्लेख आहे. हे विनियम नीट अमलात येत नाहीत, म्हणून जातिभेदाला कंटाळून आत्महत्या केल्याचं सांगितलं जातं त्या रोहित वेमुला आणि पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आया २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, हे मला केंद्राच्या मॅडमनी सांगितलं. त्या इतिहासाच्या. म्हणाल्या, "आजवर आमच्याकडं शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि व्याख्यानं एवढंच होतं. तक्रार घेऊन आलेली तू पहिली. मला सगळं पहिल्यापासून सांग." दीड तास त्यांनी ऐकून घेतलं आणि मी सांगितलेलं टाईप करून मला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी शब्द बदलायला लावले. 'विनंती' काढून 'मागणी' घातलं.

उरलेले पेपर त्यांनी फोन करून सांभाळले. तळमजला मिळाला, तासही मिळाला, पण प्रत्येक पेपरला नव्या सुपरवायझरना पहिल्यापासून सांगावं लागलं. गेलेले गुण काही परत आले नाहीत. पुन्हा पेपर घ्यावा अशी मागणी केली होती, ती फेटाळली गेली. मला ते अजून मान्य नाही. त्या पेपरात मी पास आहे, पण माझ्या गुणपत्रिकेवर एक आकडा आहे जो माझा नाही.

दुसऱ्या सेमला अर्धवट सुधारलं. तिसऱ्या सेमच्या आधी मॅडमनी सगळं एका पानावर आणलं. परवानगीच्या पत्रावर वेळ स्पष्ट छापली, साडेदहा ते अडीच. ब्लॉक तळमजल्यावर, वेगळा. सुपरवायझर आधीच नेमलेले आणि त्यांच्याकडं पत्राची प्रत. आकृतीच्या प्रश्नाला पर्याय देण्यासाठी विद्यापीठाला पंधरा दिवस आधी पत्र, पोच घेऊन. तुम्हीही एवढंच करा, पण फॉर्म भरायची तारीख लागली त्याच दिवशी सुरुवात करा. हॉल तिकीट हातात आल्यावर उशीर झालेला असतो. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि पेपरच्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन केंद्रप्रमुखांना भेटा. रायटर आजारी पडला तर ऐनवेळी बदलायची मुभा २०१८ च्या सूचनांत होती, म्हणून दुसऱ्या एखाद्याचे कागद तयार ठेवा.

तिसऱ्या सेमला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचा पेपर होता. आकृतीच्या प्रश्नाखाली छापलेलं होतं, 'दृष्टिदिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न'. बुधगावची मुलगी वाचता वाचता थांबली आणि तिनं ती ओळ पुन्हा वाचली, हळू. आम्ही दोघी काही बोललो नाही. मी तळहात बाकावर ठेवला, थोडा वेळ.

दीडची घंटा झाली. वरून पावलं उतरली, आवारात कल्ला झाला आणि हळूहळू फाटकाकडं विरून गेला. शिपाई मामा आले, त्यांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी म्हणाले, "हळू बोला रे, आत पेपर चाललाय." सुपरवायझर सरांनी पंखा एक नंबरनं कमी केला, कारण पुरवणीची पानं उडत होती.

"ताई, 'स्थिती'ची पहिली वेलांटी ना?"

"पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. वेळ किती झाली?"

"पावणेदोन."

शेवटचा प्रश्न व्यवहारतोलाचा होता. सावकाश सांगितला. दोनदा मागचं वाचायला लावलं, एक वाक्य खोडून नवं घातलं. दोन वाजून वीस मिनिटांनी मी म्हटलं, शेवटचा परिच्छेद वाच. तिनं वाचला. शेवटच्या वाक्याला ती अडली, "ताई, पुढं काही आहे?"

मी बाकावर एकदा टकटक केलं.